शेंडी कोण बांधणार

साडेनऊ वाजले तरी मांडव जमिनीवर आडवाच होता, आणि ज्यांना तो उभा करता येत होता ती अकरा माणसं इस्त्रीचे शर्ट घालून खुर्च्यांवर बसली होती.

खुटवडांच्या घरचा रिवाजच तसा होता. वर्षभर गड्यांनी लोकांच्या लग्नांचे मांडव घालायचे. पण घरचं लग्न निघालं की गडी पाहुणे. त्यांनी बांबूला बोट लावायचं नाही. बसायचं, चहा प्यायचा, मान घ्यायचा. आणि घरच्यांनी, मग तो मालक असो नाहीतर मालकाचा साडू, धोतर खोचून स्वतः मांडव घालायचा. हिंदुरावांच्या वडिलांनी हे ठरवलेलं. खडकीच्या लष्करी लिलावात घेतलेल्या दोन जुन्या तंबूंवर त्यांनी धंदा काढला होता आणि राबणाऱ्याची पाठ काय बोलते हे त्यांना ठाऊक होतं. चांगला रिवाज होता. वाईट रिवाज दुसराच होता, आणि तो हिंदुरावांनी स्वतः काढला होता.

ज्याला जे येत नाही, ते त्याला द्यायचं.

"न येणारं काम केल्याबिगर माणूस मालक व्हत न्हाई," हे त्यांचं वाक्य. थोरला सर्जेराव उंचीला भितो, म्हणून सोळा वर्षं त्याला खांबावर चढवायचं. पुतण्या संपत, म्हणजे गेलेल्या दत्तोबाचा मुलगा, दिवसाकाठी वीस शब्द बोलतो, म्हणून त्याला गिऱ्हाइकापुढं बसवायचं. गिऱ्हाईक दहा मिनिटं संपतकडं बघायचं, संपत दहा मिनिटं टेबलाकडं बघायचा, मग गिऱ्हाईक उठून दुसऱ्या मंडपवाल्याकडं जायचं. आणि हिंदुराव म्हणायचे, शिकंल.

कुणी शिकलं नाही. सोळा वर्षांत घरातला प्रत्येकजण आपल्याला काय येत नाही यात मात्र तरबेज झाला. आपल्याकडं घराघरांत हेच चालतं. पोरगं पळण्यात पुढं असतं आणि अक्षर वाईट असतं, तर त्याचं पळणं बंद करून अक्षर गिरवून घेतात. वर्षाअखेर अक्षर तसंच राहतं आणि पाय मंदावतात. याला वळण लावणं म्हणतात. ही शुद्ध नासाडी असते, आणि ती करणारे छाती पुढं काढून करतात.

चौऱ्याण्णव सालच्या माघातली ही गोष्ट. लग्न सरोजिनीचं, हिंदुरावांच्या धाकट्या लेकीचं. उद्या सकाळी हळद. त्याआधी, आज दिवस मावळायच्या आत, गोदामापुढच्या मैदानात साठ बाय नव्वदचा मांडव उभा राहायला हवा होता. आणि त्यात एक पाचर मारलेली होती.

पाचर आप्पासाहेबांची. आप्पासाहेब म्हणजे हिंदुरावांच्या बायकोचे, बायडाबाईंचे भाऊ. कात्रज गाव आज ना उद्या पुणे शहरात जाणार अशी हवा होती, आणि बिल्डर माणसाला ती हवा सगळ्यांच्या आधी लागते. चार दिवसांपूर्वी पंगतीत ते म्हणाले होते, "दाजी, दीड एकर जागा तुम्ही बांबू ठेवायला वापरताय. तुमच्या मागं हे बघणार कोण? सर्जेराव? तो अजून मेढीच्या टोकाला पोचला नाही."

हिंदुरावांना ते लागलं. आणि लागलं की हिंदुराव शब्द देऊन बसायचे.

"लेकीच्या मांडवाची शेंडी सर्जानं बांधली तर धंदा त्याचा. न्हाई बांधली, तर मंगळवारी कागद घिऊन ये. जागा तुझी."

मांडवाच्या मधोमध बावीस फुटी सागवानी मेढ असते. छताचे सगळे दोर तिच्या टोकाशी येतात आणि तिथं जी गाठ पडते ती शेंडी. ती वर चढूनच बांधावी लागते. हिंदुरावांनी ती सतराव्या वर्षी बांधली होती. कात्रजमध्ये हे कुणी विसरलं नव्हतं, कारण ते विसरू देत नव्हते.

*

मेढ उभी करायची आरोळी संपतला दिली होती. चार दिशांना चार दोर, प्रत्येक दोरावर सात-आठ भाऊबंद. आरोळी पडली की सगळ्यांनी एकदम ओढायचं.

संपतला सगळं दिसत होतं. उत्तरेच्या दोरावर दोन माणसं जास्त होती. पूर्वेच्या दोराला सकाळचं दव लागून तो ताठ झाला होता, तो आधी ताणायला नको होता. बोटांनी दोर चाचपला की त्याला कळायचं, कुठवर जाईल आणि कुठं तुटेल. पण हे कळणं हातातून तोंडापर्यंत येईस्तोवर वाटेतच कुठंतरी बसायचं.

"घ्या," तो म्हणाला.

ते त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या चुलत्यालासुद्धा ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं," हिंदुराव गरजले. "मांडव घालतोयस, कानात सांगत न्हाईस कुणाच्या."

"घ्या."

या वेळी उत्तरवाल्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही. उत्तरवाल्यांनी जोरात ओढलं. मेढ उठली, डगमगली, आणि उभी राहिली खरी, पण चांगली हातभर उत्तरेला, शहराकडं कलून.

मग पहिल्या खुर्चीवरचा श्रीनिवास, वीस वर्षांपासूनचा जुना गडी, चहाचा कप खाली ठेवून गंभीरपणे म्हणाला, "मालक, मेढ स्वारगेटला निघाली."

अकराच्या अकरा गडी खाली मान घालून हसले. एकजण उठायला लागला.

"बसा," हिंदुराव ओरडले. "पाव्हण्यांनी उठायचं न्हाई."

"मालक, नुसता एक दोर..."

"चहा प्या."

"चौथा कप हाय, मालक."

"पाचवा प्या."

*

अकरा वाजता सर्जेराव चढले. मेढ कललेलीच होती, पण वडिलांनी हुकूम दिला आणि आप्पामामा सफारी घालून, हात पाठीमागं बांधून समोर उभे होते. सर्जेरावांनी धोतराचा काचा मारला, दोरीचं कडं पायात अडकवलं आणि वर सरकायला लागले. चार फूट. सहा. नऊ.

नऊ फुटांवर जगातलं सगळं थांबलं.

छत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, अंगानं पैलवानासारखा माणूस, मेढीला अशी मिठी मारून राहिला की देवालाही तशी कुणी मारणार नाही. डोळे मिटले की गरगरायचं, उघडले की जमीन वर यायची. शेवटी त्यांनी डोळे लांब लावले. आणि मग त्यांना, नेहमीप्रमाणे, माणसं दिसायला लागली.

सर्जेरावांना माणसं दिसायची. बाकीच्यांना गर्दी दिसते, त्यांना त्यातलं कोण कुणाकडं पाठ करून बसलंय ते दिसायचं. पूर्वेच्या दोरावर शरच्चंद्रभाऊ आणि हणमंतकाका शेजारीशेजारी उभे केले होते. बांधाच्या भांडणात तीन वर्षं एकमेकांशी न बोलणारी माणसं. तो दोर कोण ओढणार? पलीकडं वरपक्षाकडून निरोप घेऊन आलेले म्हातारे गृहस्थ चपला हातात घेऊन उभे होते, त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"सूरज," सर्जेराव नऊ फुटांवरून आपल्या मुलाला म्हणाले. "बाळा, ते टोपीवाले आजोबा बघ. त्यांना खुर्ची दे. आणि चहा बिनसाखरेचा सांग, त्यांना डायबेटिस आहे."

"हे तुला वरनं दिसतंय?" खालून हिंदुराव म्हणाले. "मग शेंडी दिसती का?"

सर्जेराव वर बघायच्या भानगडीत पडले नाहीत.

"उतर जाऊ दे, सर्जेराव," आप्पासाहेब म्हणाले. आवाजात खराखुरा जिव्हाळा होता, आणि तोच जास्त चीड आणणारा होता. "प्रत्येकाच्या नशिबात धंदा नसतो. तुला ऑफिस देतो मी. खाली. तळमजल्यावर."

*

स्वयंपाकाच्या छपराखाली सर्जेरावांची बायको नीरजा भाकरी जाळत होती.

ती खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात भांडारात होते, आणि तीन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आठ माणसं आणि त्यांचं सामान असं बसवायचे की येणाऱ्याला घर मोकळं वाटायचं. लेक त्यांच्यावर गेली. कुठलं काम कशाच्या आधी, कुणाचे हात कधी मोकळे होतील, हे तिच्या डोक्यात आपोआप मांडलं जायचं. असल्या बाईला सासरी अकरा वर्षं काय दिलं? भाकरी थापायला. कारण भाकरी तिला येत नव्हती. बायडाबाई नवऱ्याच्या त्या रिवाजावर रोज करवादायच्या आणि चुलीपुढं तोच रिवाज चालवायच्या.

"पलीट," बायडाबाई म्हणाल्या.

नीरजा मैदानाकडं बघत होती. "आधी दक्षिणेचे दोर ताणून खुंट्यांना बांधायला हवेत," ती स्वतःशीच म्हणाली. "दुपारी घाटाकडून वारा येतो. आता सरळ केली तरी तीन वाजता परत कलेल."

"भाकर पलीट म्हंते मी."

नीरजानं पलटली. उशीर झाला होता.

"काय म्हनलीस, वाऱ्याचं?"

"काही नाही, आत्याबाई."

"बोल की. मी काय तुझा सासरा हाय, आरडायला?"

मग नीरजा बोलली. हातातल्या उलथण्यानं तिनं जमिनीवरच्या पिठात चार रेघा ओढल्या. दक्षिणेचे दोर आधी. मग उत्तरेवाल्यांनी ढील द्यायची, ओढायचं नाही. तिथंच सकाळी चुकलं. मेढ सरळ झाली की बाजूचे खांब एकाच बाजूनं न लावता समोरासमोरच्या जोड्यांनी. छत दोन तुकड्यांत, वाऱ्याकडचा तुकडा शेवटी. मधल्या वेळात बायकांनी झालर शिवून ठेवायची, म्हणजे छत चढलं की लगेच...

"हे तुला कुनी शिकवलं?"

"कुणी नाही. अकरा वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय."

बायडाबाई तव्यावरच्या काळ्या भाकरीकडं बघत राहिल्या. अकरा वर्षं म्हणजे भाकऱ्या किती होतील? त्यातल्या निम्म्या गाईलाच गेल्या. शाणी पोरगी आपण चुलीपुढं बसवली आणि वर तिलाच येडी म्हणत राहिलो, हे त्यांच्या डोक्यात असं लख्ख आलं की त्यांना स्वतःचाच संताप आला. आणि बायडाबाईंना संताप आला की त्या कामाला लागायच्या.

त्यांनी सुनेच्या हातातलं पीठ काढून घेतलं.

"ऊठ."

"भाकरी राहिल्यात अजून."

"तुझ्या भाकऱ्या आता गायपण हुंगून सोडती. ऊठ, हात धू, आन् माझ्यासंगं चल."

*

त्या मैदानात पोचल्या तेव्हा पश्चिमेकडची सहा बांबूंची ओळ आडवी पडत होती. हळूहळू, एकामागून एक, कुणाला इजा न करता, पडायला वेळ घेत. शेवटचा बांबू बुंदीच्या पातेल्याजवळ पडला. गडी ताडकन उभे राहिले.

"बसा," हिंदुराव ओरडले.

"तुमी बसा आता," बायडाबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांच्या संसारात बायडाबाई नवऱ्याला चारचौघांत असं कधी बोलल्या नव्हत्या. घरात बोलायच्या, ते सगळ्या गल्लीला ऐकू यायचं, पण ते घरात.

"काय म्हनलीस?"

"बसा म्हनलं. पोरगं पाऊण तास खांबाला चिकटलंय पालीसारखं. संपत आरोळी देतोय का मंत्र म्हंतोय ते कळंना. आन् जिला यातलं कळतं ती चुलीपुढं धूर खातीय. कुनी लावली ही कामं?"

"मी लावली. मालक तयार व्हायला लागतो. सगळं यायला लागतं मालकाला."

"तुमाला येतं सगळं?"

"येतं."

"भाकर थापून दावा."

खुर्च्यांवरून कुणीतरी खोकलं.

"ते बायकांचं काम."

"बरं. मग सोयऱ्याची समजूत काढून दावा. तुमी बोलला की सोयरीक मोडती. सरूचं लगीन दोनदा मोडता मोडता कुनी जोडलं? तुमी? सर्जानं जोडलं, नवरदेवाकडच्या लोकांकडं तीनदा जाऊन, पान खाऊन. आन् त्याला तुमी खांबावर चढवताय. हंड्यात मासा घालून म्हनायचं, उड."

"ताई," आप्पासाहेब मध्ये पडले, "दाजींचा शब्द आहे. पुरुषाच्या शब्दात तू..."

"आप्पा, तुझं घोडं कुठं पेंड खातंय ते मला म्हाईत हाय. गप ऱ्हा."

वर, नऊ फुटांवर, सर्जेरावांनी सगळं ऐकलं. आई आपल्या बाजूनं बोलतेय याचं बरं वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. खाली बायको उभी होती, पिठानं माखलेले हात घेऊन. उतरलो तर धंदा गेला, जागा गेली, बापाच्या नजरेतला उरलासुरला मुलगाही गेला. न उतरलो तर... तर काय? संध्याकाळपर्यंत इथंच? सोळा वर्षं ते कुणाला काही न सांगता चढत आणि चिकटत आले होते. चढण्याला लोक धाडस म्हणतात. सर्जेरावांना त्या क्षणी उतरण्यासाठी जेवढं धाडस लागलं तेवढं कधीच कशाला लागलं नव्हतं.

ते उतरले. पाय जमिनीला लागले. सरळ बापासमोर जाऊन उभे राहिले.

"आबा, मला उंचीची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. मरेपर्यंत वाटेल. शेंडी मी बांधणार नाही. आज नाही, कधीच नाही."

मग श्रीनिवास खुर्चीवरून, पाहुण्याच्या अदबीनं म्हणाला, "मालक, आम्हाला म्हाईत होतं. सगळ्यांलाच म्हाईत होतं. तुम्हालाच कुणी सांगत नव्हतं."

कोण आधी हसलं सांगता येत नाही. पण सर्जेराव स्वतः हसले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग सगळं मैदान हसलं. फक्त हिंदुराव हसले नाहीत. ते पडलेल्या बांबूंपाशी जाऊन उकिडवे बसले.

*

दुपारी बारा वाजता नीरजा गोदामाच्या ओट्यावर चढली. पदर कमरेला खोचलेला, हात अजून पिठाचे. अकरा वर्षांत तिचा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिनंही नव्हता. तो निघाला तेव्हा खडकीच्या कारखान्याच्या भोंग्यासारखा निघाला, आणि तिचीच दोन मुलं दचकली.

"दक्षिणेकडं दहा माणसं. अहो, मला दहा माणसं हवीत, भांडणारी नकोत."

"देतो," सर्जेराव म्हणाले.

आणि त्यांनी दिली. शरच्चंद्रभाऊंना पूर्वेवरून उचलून दक्षिणेला नेलं, "भाऊ, तुमच्याइतकी पकड कुणाची नाही" म्हणून. हणमंतकाकांना पश्चिमेला, "काका, त्या पोरांना दाखवा जरा" म्हणून. दोघं खूश, दोघं एकमेकांपासून साठ फूट लांब. दहावा माणूस कमी पडत होता. सर्जेराव आप्पासाहेबांपुढं जाऊन उभे राहिले.

"मामा, चला."

"मी?"

"नवरीचा मामा तुम्ही. बोहल्यावर तिच्या मागं तुम्ही उभे राहणार. मांडवाला तुमचा हात नको लागायला? उद्या वरपक्ष विचारेल, मामा काय करत होते."

"अरे, सफारी आहे."

"सफारीला काही होत नाही. दोर तर धरायचाय. तुमच्याशिवाय कुणी पहिला धरणार नाही, मान तुमचा आहे."

आता मान म्हटल्यावर आप्पासाहेब काय बोलणार? त्यांनी बाह्या वर केल्या. आपण कुठला दोर धरतोय आणि कशासाठी, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांच्या पुढं मेढ आणि मागं नऊ माणसं होती आणि सुटायला जागा नव्हती.

"संपतभाऊजी," नीरजानं हाक मारली, "तुम्ही काही बोलू नका. नुसता हात वर करा. तुमचा हात वर गेला की मी आरोळी देईन."

संपतनं तिच्याकडं असं बघितलं की जणू कुणी त्याच्या पायातला काटा काढला. तो चारी दोरांवरून फिरला. एकेका दोराला अंगठ्यानं दाबत. पूर्वेपाशी थांबला, मान हलवली, ढिला करायला लावला. मग मेढीपाशी येऊन हात वर केला.

"दक्षिण, घ्या," नीरजा कडाडली. "उत्तर, सोडा. सोडा म्हटलं, ओढू नका. हणमंतकाका, तुम्ही नुसते उभे राहा, छान दिसताय. घ्या. अजून घ्या."

मेढ स्वारगेटकडून परत कात्रजला आली. सरळ, काठीसारखी. खुर्च्यांवरच्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याला रिवाजात मनाई नव्हती.

तीन वाजता वारा आला आणि दक्षिणेच्या दोरांवर आपटून निमूट पुढं गेला. चार वाजता समोरासमोरचे खांब उभे होते. पोरीबाळी झालर शिवत होत्या, सरोजिनी स्वतः हळदीच्या आदल्या दिवशी सुईत दोरा ओवत होती आणि करवल्या तिला चिडवत होत्या की नवरदेव तुला मंडपवाली म्हणेल. ती म्हणाली, "म्हणू दे. त्याच्या घरी तंबू कोण बांधतं ते बघू." बायडाबाईंच्या भाकऱ्या टोपलीभर आल्या, पांढऱ्याशुभ्र, आणि नीरजानं ओट्यावर उभ्याउभ्याच ठेच्याबरोबर दीड खाल्ली.

साडेपाचला संपत चढला. त्याला चढताना बघणं हे एक सुख होतं. बावीस फूट तो असा गेला की माणूस आपल्या घराच्या पायऱ्या चढतो. टोकाला पाय अडकवून दोन्ही हात मोकळे केले, दोर एकेक ओढून घेतले आणि गाठ मारली. आणि मग, कुणाला काही कळायच्या आत, वरून एक आवाज आला. दोन फुटांवर ऐकू न जाणाऱ्या संपतचा.

"वहिनी, घ्या छत."

छत चढलं. लाल-पिवळं, झालरीसकट. मैदानात एकदम सावली पडली आणि पोरं तिच्यात नाचायला लागली.

*

हिंदुराव दुपारपासून त्या बांबूंपाशीच होते. कुणी त्यांच्याकडं गेलं नाही. भीतीनं नाही, कामामुळं. हे त्यांना जास्त टोचलं.

ते बघत होते. सून आरोळी देत होती, तिच्या प्रत्येक आरोळीला त्यांचा हात आपसूक मुठीत वळत होता. एकदा तिचं चुकेल, मग आपण उठू, असं त्यांना वाटत होतं. तिचं दोनदा चुकलं. दोन्ही वेळा संपतनं हात हलवून दाखवलं आणि तिनं "चुकलं माझं, परत" म्हणून सुधारलं. हिंदुरावांनी सगळ्या आयुष्यात 'चुकलं माझं' हे दोन शब्द एका श्वासात काढले नव्हते. पोरगा दोरादोरावर फिरत होता, कुणाच्या पाठीवर हात, कुणाला पाणी. माणसं त्याच्यासाठी ओढत होती. आपल्यासाठी ओढायची ती भीतीनं. दोन्हीनं मेढ उभी राहते. पण यांच्या दोरावरची माणसं हसत होती.

आपल्याला सगळं येत होतं, म्हणून आपण एकटे मालक होतो. यांना तिघांना मिळून सगळं येतं. मग यात कमी काय आहे? कमी शोधूनही दिसेना, आणि त्याचा राग धरावा असंही त्यांना वाटेना. असं पहिल्यांदाच होत होतं.

तेवढ्यात समोर पाय दिसले. पिठाचे आणि मातीचे.

"आबा," नीरजा म्हणाली. आवाज बसला होता. "तुम्हाला एक काम आहे."

हिंदुरावांनी मान वर केली. सूनबाई आपल्याला काम सांगतेय. मैदानातले पाचपन्नास डोळे इकडं वळले होते.

"काय?"

"वरपक्षाचा टेम्पो यायचाय सामान घेऊन. फाटकापाशी लोक वाट्टेल तशा गाड्या लावून ठेवतायत. ह्यांना पाठवलं, तर हे प्रत्येकाची विचारपूस करत बसलेत. भाऊजी नुसते बघतात. तिथं माणूस पाहिजे तो तुमच्यासारखा. ज्याच्या आवाजाला लोक घाबरतात."

"म्हंजे मी आरडायचं."

"हो. भरपूर."

हिंदुरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग ते उठले, धोतर झटकलं, पटका नीट बसवला आणि फाटकाकडं निघाले. पाच मिनिटांत पहिल्या तीन स्कूटरी पळाल्या. एक रिक्षा तर प्रवासी न घेताच गेली.

आप्पासाहेबांची पांढरी गाडी मात्र फाटकाच्या बरोबर तोंडात उभी होती. ते काच खाली करून बसले होते. सफारीच्या गुडघ्याला माती, तळहाताला दोरानं सोललेलं.

"दाजी," ते म्हणाले, "मांडव झाला, आनंद आहे. पण शेंडी सर्जेरावानं नाही बांधली. शब्द तुमचा होता. मंगळवारी येतो कागद घेऊन."

हिंदुरावांनी दोन्ही हात गाडीच्या टपावर ठेवले आणि खाली वाकले.

"शब्द माझाच व्हता, तो मी मागं घेतो. माझं चुकलं." ते हळू बोलले, त्यांनाच ते ऐकून नवल वाटलं. मग पाठ सरळ केली आणि आवाज लावला, असा की ओट्यावर नीरजानंही वळून बघितलं.

"आप्पा, गाडी मागं घे."

"दाजी, मी काय म्हणतो..."

"मागं घे. सूनबाईनं सांगितलंय, फाटक मोकळं पायजे."

आप्पासाहेबांनी गाडी दोन फूट मागं घेतली.

"अजून."

आणखी चार फूट.

"अजून मागं, आप्पा. सडकेपर्यंत."